बलसाडी गरुड

१ नोव्हेंबर १९८७, रविवार

ही डायरी जानेवारीतच मिळाली होती. मुहूर्त आज लागला. माझा स्वभाव मत्सरी नाही, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवतो.

आज कॉलनीच्या ग्राउंडवर समोरच्या क्वार्टरमधल्या इसाक तडवीने विमान उडवलं. तडवी ज्युनिअर इंजिनिअर, यावलकडचा, जूनमध्ये बदली होऊन दीपनगरच्या पॉवर हाउसला आला. विमान त्याने स्वतः केलेलं. नाकात लहानसं इंजिन, पंखाला दोन तारा. तारांचं हँडल धरून तडवी मध्ये उभा राहतो आणि विमान त्याच्याभोवती गरगर फिरतं. घाण्याचा बैल फिरतो त्यात आणि यात मला फरक दिसला नाही. शिवाय घाण्यातून तेल तरी निघतं.

सगळी कॉलनी टाळ्या वाजवत होती. माझी बायको लिलासुद्धा. गणपतीत मी रजा काढून थर्माकोलचा किल्ला केला तेव्हा हीच बाई म्हणाली होती की कचरा कोण उचलेल. आजवर कॉलनीत हाताचं काही काम निघालं की लोक म्हणायचे, स्टोअरच्या फेगडेभाऊंना विचारा. आज परत येताना कमिटीचा वारके म्हणाला, आता स्टेजचंही तडवीसाहेबांनाच विचारू.

संकल्प: २६ जानेवारीला त्याच ग्राउंडवर माझं विमान उडेल आणि लिला मान वर करून बघेल.

३ नोव्हेंबर, मंगळवार

पेपर मागायच्या निमित्ताने तडवीकडे गेलो. मी काही विचारलं नाही. तोच बोलत सुटला. कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये शिकला म्हणे. विमानाच्या धडाला फ्यूजलाज म्हणतात, पंखातल्या फासळीला रिब, ही कागदासारखी फळी ती बाल्सा, नाकाला मात्र पातळ प्लायवूड कारण तिथे इंजिनाचा धक्का बसतो. बाल्साला नख लावून दाखवलं. नख आत गेलं. असलं लाकूड. वर अभिमानाने सांगतो, भाऊ, सगळी करामत लाकूड हलकं असण्यात आहे.

मला एक फळी देत होता. बघू म्हणालो. हलका माल आपण वापरत नाही. स्टोअरमध्ये इतकी वर्षं काढली ती काय उगीच.

त्याच्या बायकोने, अनवरीने, चहा छान केला होता. हे लिलाला सांगितलं नाही.

८ नोव्हेंबर, रविवार

ड्रॉइंग पूर्ण. तडवीचं विमान दोन हात लांब. माझं चार हात. नाव: गरुड. तडवीच्या विमानाला नावच नाही, यावरून माणसाची कल्पनाशक्ती कळते.

लिलाने ड्रॉइंग पाहून विचारलं, मासा आहे का. उलटं धरलं होतं तिने.

१५ नोव्हेंबर, रविवार

जळगावला गेलो. लाकडाच्या वखारी पालथ्या घातल्या. बाल्सा हा शब्द कुणी ऐकलेला नाही. एकाने आधी वासा का म्हणून विचारलं, मग बल्ल्या दाखवल्या. शेवटी एका म्हाताऱ्याने सांगितलं, धुळ्याला जा, नवापूरकडचा माल सगळा तिथे उतरतो.

येताना बसमध्ये विचार केला. तडवी बाल्सा मुंबईहून मागवतो. म्हणजे त्याला इथल्या बाजाराची ओळखच नाही.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

कॅज्युअल टाकून धुळे. आजचा दिवस सोन्याचा.

साक्री रोडला रतिलाल शेठची वखार. शेठना म्हटलं, बाल्सा आहे का. शेठने चष्मा काढला आणि माझा उच्चार सुधारला. म्हणाले, बलसा नाही भाई, बलसाड. बलसाडी साग. असेल तर माझ्याकडेच असेल.

लख्ख उजेड पडला. साहेबाने वडोदऱ्याचं बरोडा केलं, भरूचचं ब्रोच केलं, तसं बलसाडचं बाल्सा केलं. एनसीसीवाले इंग्रजी पुस्तकं वाचतात, त्यांना कोण सांगणार. शेठना विचारलं, तिकडे एक जण पांढरा मऊ माल वापरतो, नख आत जातं. शेठ म्हणाले, त्याला लाकूड म्हणत नाहीत, त्याला खोकं म्हणतात. हलका माल मी ठेवतच नाही. विद्वान माणूस. पातळ प्लायवूडही त्यांनी बदलून चांगला जाड दिला.

फळ्या स्टँडवर न्यायला उखर्डू नावाचा हमाल केला. अर्ध्या वाटेत टेकला आणि म्हणाला, भाऊ, पलंग करना शे का? मी सांगितलं, विमान करायचंय. त्यावर म्हणतो, हाई उडी नही, पन पडनं ते बठ्ठा मरतीन. बठ्ठा म्हणजे सगळेच. हसत हसत स्टँडपर्यंत आला. अशिक्षित माणूस, सोडून दिलं.

२९ नोव्हेंबर, रविवार

काम सुरू. तडवी रिब्ज दाढीच्या ब्लेडने कापतो, रेडिओ ऐकत. मी ब्लेड लावून पाहिलं. ब्लेड मोडलं. दुसरं लावलं, तेही मोडलं. माल किती कसदार आहे याची खात्री पटली. करवत आणली. खालच्या मजल्यावरच्या सुनंदाबाई वर येऊन विचारून गेल्या, अहो, घर बदलून ऱ्हायले का तुम्ही.

४ डिसेंबर, शुक्रवार

तोताराम मिस्त्रीकडून फळ्यांना रंधा मारून घेतला. त्याने लाकडावरून हात फिरवला आणि म्हणाला, भाऊ, याचं दार करा, नातवंडं नाव काढतील. मी म्हटलं, विमान. त्याने लाकडावरून पुन्हा एकदा हात फिरवला. मग रंधा मारला.

१० डिसेंबर, गुरुवार

ठरलं. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर तडवीच्या विमानाचं प्रात्यक्षिक. मोठे साहेब येणार. वारकेने नोटीस लावली, त्यात तडवीचं नाव लाल शाईने. लाल शाई आमच्याच स्टोअरमधून नेली होती.

ताबडतोब वारकेला गाठून माझंही नाव घातलं. तडवीच्या आधी. वारकेने विचारलं, नक्की उडेल ना. मी नुसतं हसलो. तो माझा चेहरा बघून घाबरला असावा, कारण लगेच लिहिलं.

१८ डिसेंबर, शुक्रवार

लिलाने भरीत केलं. पहिली वाटी समोरच्या क्वार्टरमध्ये. वर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. मी जेवायला बसलो तेव्हा वांग्याचं देठ आलं वाट्याला. विचारलं तर म्हणते, तडवी भाऊजींना आवडतं.

जेवण झाल्यावर ती तिकडे गेली ती तासभर आली नाही. आल्यावर हातांना कसला तरी वास. तडवीच्या नव्या विमानाच्या पंखावर तिने आणि अनवरीने पातळ कागद चिकटवला आणि वरून डोप नावाचं रोगण लावलं. रोगण वाळलं की कागद ढोलाच्या चामड्यासारखा ताणतो, हे ती मला सांगत होती. मला. डोळे नुसते चमकत होते.

माझ्या विमानाकडे ती अजून एकदाही फिरकली नाही. मी खोलीला आतून कडी लावतो, हे खरं. पण कडी वाजवता येते.

२७ डिसेंबर, रविवार

गरुडाचा सांगाडा उभा. देखणा. वास तर असा की घरात लग्नाचं फर्निचर आल्यासारखं वाटतं. एकट्याने उचलायला थोडा त्रास होतो, पण मोठ्या विमानांना कोण उचलतं? धक्केच देतात.

इंजिन लावणार नाही. तडवीचं इंजिन इथर, रॉकेल आणि एरंडेलावर चालतं. एरंडेल पिऊन जे होतं ते विमानाला का करायला लावायचं? गरुड हा ग्लायडर. माझी बजाज पुढे दोर बांधून ओढेल, वेग आला की आपोआप वर चढेल. चाकं तीन, मालगोदामातल्या जुन्या ट्रॉलीची.

१० जानेवारी १९८८, रविवार

नवी डायरी अजून मिळाली नाही. मागल्या वर्षीची जानेवारीची पानं कोरीच आहेत, तीच वापरतो. वार खोडावे लागतात.

तडवी ग्राउंडवर सराव करत होता. सोबत अनवरी, लिला आणि निम्मी कॉलनी. विमान उलटं करून उडवलं त्याने. उलटं उडवण्यात काय फायदा ते मला समजलं नाही. उलट्या विमानात कोण बसेल? लोक मात्र वेडे झाले. मी गॅलरीतून पाहिलं, पडद्याआडून. पडदा धुवायला झालाय.

२० जानेवारी, बुधवार

पहाटे पॉवर हाउसच्या मागच्या रस्त्यावर चाचणी. स्कूटर सुरू केली, दोर ताणला आणि तुटला. दोष दोराचा. दुसरा जाड दोर बांधला. आता स्कूटर हलेना. दोष स्कूटरचा, सर्व्हिसिंग राहिलंय. तिसऱ्यांदा दोन्ही हलले, पण तोपर्यंत शिफ्ट सुटली, लोक यायला लागले, म्हणून उडायच्या आधीच थांबवलं. चाचणी समाधानकारक.

रात्री लिलाने विचारलं, पाठ का धरली.

२५ जानेवारी, सोमवार

गरुडाला पॉलिश केलं. त्यात तोंड दिसतं. चोचीवर पिवळा रंग. उद्या लिला कुठे उभी राहील ते ग्राउंडवर जाऊन पाहून आलो. खुर्च्यांची पहिली रांग, डावीकडे. गरुड तिच्या डोक्यावरून जाईल असं वळण घ्यायचं. तडवी भेटला. म्हणाला, भाऊ, काही मदत लागली तर सांगा. काही लागणार नाही म्हणालो. लोकांचं मन किती कुजकं असतं.

२६ जानेवारी, मंगळवार

लिहितो. लिहायला तर हवं.

झेंडावंदन झालं, मुलांची परेड झाली. वारकेने माझं नाव पुकारलं. मी बजाज सुरू केली. दोर ताणला. गरुड निघाला. आरशात मला स्वच्छ दिसत होता. मागून येत होता, सरळ, अजिबात न डगमगता, जमिनीवरून. मी वेग वाढवला. तोही वाढला. ट्रॉलीची चाकं खडखडत होती. ग्राउंडचं एक टोक आलं. वळलो. तोही वळला. आता उडेल, आता उडेल, करत निम्मी फेरी झाली.

यंदा प्रत्येक विभागाने चित्ररथ आणावा असं ठरलं होतं. सिव्हिलने ट्रॅक्टरवर धरण आणलं होतं, दवाखान्याने कुटुंबनियोजन. माझ्या मागेच ते रांगेत उभे होते. वारकेला काय वाटलं देव जाणे, किंवा त्याने मला वाचवलं असेल. माईकवर तो म्हणाला, आणि हा येत आहे स्टोअर विभागाचा चित्ररथ, भारताची हवाई झेप. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठे साहेब उभे राहिले. आता थांबणं शक्य नव्हतं. मी पूर्ण फेरी मारली आणि साहेबांसमोर एक हात सोडून सलामी दिली.

डावीकडच्या पहिल्या रांगेत लिला नव्हती. अनवरी पुढच्या रांगेत बसलेली, पण लिलाची खुर्ची रिकामी. शोधलं तर ती ग्राउंडच्या पलीकडच्या टोकाला, पदर खोचून, वाकलेली. तडवीचं विमान दोन्ही हातांत धरून. इंजिन सुरू झालं की कुणीतरी विमान धरून ठेवावं लागतं आणि खूण केली की सोडावं लागतं. त्या कामासाठी तडवीने तिला निवडलं होतं. गरुडाची फेरी तिने पाहिलीच नाही. तिची पाठ होती.

तडवीने हात वर केला. लिलाने सोडलं. मग तिने मान वर केली.

चित्ररथात माझा तिसरा नंबर. स्टीलचं तसराळं मिळालं.

२८ जानेवारी, गुरुवार

संध्याकाळी तडवी आला. गरुड पाहायचा म्हणाला. पंख एका बाजूने उचलायला गेला आणि खाली ठेवला. लाकूड कुठून आणलं विचारलं. मी रतिलाल शेठचं नाव सांगितलं आणि बलसाडचं इंग्रजीत बाल्सा कसं झालं तेही समजावलं.

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. म्हणाला, भाऊ, बाल्साचं झाड वेगळं, ते परमुलखातलं. बलसाड हे गुजरातेतलं गाव, तिथला साग नावाजलेला. मग बसला आणि एकेक रिब बोटाने चाचपत राहिला. म्हणाला, सागाच्या इतक्या सारख्या रिब्ज कापणारा माणूस मी पाहिला नाही, हे माझ्याच्याने होणार नाही. ते त्याने मनापासून म्हटलं, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

जाताना पुन्हा बाल्साची फळी देऊ लागला. मी बघू म्हणालो. लिला स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि घेतली.

७ फेब्रुवारी, रविवार

तोताराम मिस्त्रीने गरुडाचे पंख कापून फडताळाच्या फळ्या केल्या. लिलाने त्यावर डबे मांडले. डाळीचे, पिठाचे, सगळे एका रांगेत. फळी वाकली नाही. माल अस्सल, हे पुन्हा सिद्ध.

लिला रोज दुपारी तडवीची बाल्सा आणि ब्लेड घेऊन स्वतःचं विमान करायला बसते. रेडिओ लावून. एकदा रिब जरा वाकडी कापली गेली तेव्हा मी न राहवून तिच्या हातातून ब्लेड घेतलं. लोण्यासारखं कापलं गेलं. इतकं सोपं काम असतं, हे तडवी कधी बोलला नव्हता. मग उरलेल्या रिब्ज मीच कापून दिल्या. यात मदतीचा प्रश्न नाही, मला वाकडं बघवत नाही.

२१ फेब्रुवारी, रविवार

ग्राउंडवर लिलाचं विमान. नाव दिलेलं नाही. मी सुचवली होती.

हँडल तिच्या हातात. तडवी तिच्या शेजारी, गरगरून पडलीच तर धरायला. विमान सोडायचं काम माझ्याकडे. अनवरीने इंजिन सुरू करून दिलं. विमान माझ्या हातांत थरथरत होतं, एरंडेलाचे थेंब शर्टावर उडत होते. मी मनात म्हणत होतो की उडणार नाही. पहिल्याच दिवशी कुणाचं उडतं? तडवीचंसुद्धा पहिल्याच दिवशी उडालं नसणार.

पलीकडून लिला ओरडली, आता सोडा ना हो, किती धरून ठेवाल.

सोडलं.

तीन फेऱ्या झाल्या. चौथीत ती गरगरली आणि विमान गवतात उतरलं. तडवीने सगळ्यांना सांगितलं की पहिल्याच दिवशी तीन फेऱ्या त्यालाही जमल्या नव्हत्या. सगळे लिलाभोवती जमले. मी विमान उचलून आणायला गेलो. पंखाचा कागद एका जागी फाटला होता, बाकी काही नाही.

ते उचलताना हाताला काहीच लागलं नाही. इतकं हलकं होतं. हे तडवीला सांगणार नाही.