दहा रुपयांचं ताट आणि माझे उपास

आई, आज केंद्रावर पाच किलो तूरडाळ आली सहाशेची, दहा किलो वांगी तीनशेची, आणि कोथिंबीर मळेवालीनं तशीच टाकली, म्हणून तिच्यापुढं शून्य लिहिलं. तू होतीस तेव्हा हे केंद्र नव्हतं. औंढ्यात स्टँडजवळ सरकारी योजनेतून दहा रुपयांत पोळी, भाजी, वरण, भात मिळतो. आमच्या बचत गटाच्या बायका ते चालवतात. मी दहावी झालेली म्हणून वही माझ्याकडं. भाजी गावातल्याच बायकांची घेतो. दुपारी हमाल, दवाखान्यात आलेली माणसं, दर्शनाचे लोक, समोरचा दुकानदार, सगळे एकाच बाकावर जेवतात. एक एकटे राहणारे म्हातारे गुरुजी दोन दिवस आले नाहीत, तर हमालच त्यांच्या घरी जाऊन बघून आले.

स्वयंपाकाला बौद्धवाड्यातली बाई आहे. तिची आई आपल्या शेतात निंदायला यायची. मी आठ वर्षांची असताना तिच्या फडक्यातली भाकरी खाल्ली, तेव्हा तू मारलं नाहीस, नुसतं म्हणालीस, "आपल्या घरी कमी हाय का?"

वर्षभर मी केंद्रावर जेवले नाही. विचारलं की उपास सांगायचे. नागनाथाचा सोमवार मी खरंच धरते, त्यात खोटं नाही. पण मंगळवारही सांगितला, गुरुवारही सांगितला. मागच्या महिन्यात ती पोळ्या लाटता लाटता म्हणते, "वहिनी, तुमचा देव काहून एवढं उपाशी ठेवून राहिला तुमाला?" बायका हसल्या, मीही हसले. ती हसली नाही. "स्टँडवरचे अनोळखी लोक माझ्या हातचं खातेत. हिशेब लिहिणारी खात न्हाई. उद्यापासून मी येत न्हाई, बघा."

ती गेली तर केंद्र बंद. एवढ्या माणसांचं वेळेत उरकणं आमच्यात दुसऱ्या कुणाला जमत नाही. मला केंद्राची काळजी वाटली की स्वतःची लाज, हे नक्की सांगता येत नाही. वही मिटली, दहा रुपये गल्ल्यात टाकले आणि हमालांशेजारी बसले. तिनंच वाढलं.

"खारट झालं का वरण?"

"न्हाई, बराबर झालंय."

"मंग अजून घ्या की. पैसे वसूल करणाऱ्या तुमी!"

आता मी रोज तिथंच जेवते, ती रोज येते. या थाळीनं माणसं जवळ आली असं लोक म्हणतात, आणि ते खरं आहे. पण त्या पहिल्या दिवशी मी घरी येऊन थेट न्हाणीत गेले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. ह्यांनी विचारलं तर मी ऊन लागलं म्हणाले. ऊन नव्हतं. तांब्या कधी हातात आला ते कळलंच नाही. हे तिला सांगितलेलं नाही, कुणालाच नाही.

हे पत्र टाकणार कुठं, वहीतच राहील. तरी एक विचारते. तूही कधी कुणाच्या हातचं जेवून आलीस आणि घरात बोलली नाहीस, असं झालं होतं का? व्हय का न्हाई, एवढंच उलट टपाली कळव.