पाठीवरची माती

रहिमतपूर,
ता. ११ फेब्रुवारी १९४६

चि. नाथाजीस मनुअक्काचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि. अक्षर शाळेच्या गुरुजींचं असलं तरी राग माझा हाय.

हिकडं समदी खुशाल. माझा सयाजी परवा साताऱ्याच्या मैदानावरनं आला आन् मुकाट गोठ्यात जाऊन बसला. कुस्ती बघायला गेलेल्या लालासाहेबानं मग सांगितलं. पंचांनी सयाजी जिंकला असं धरलं, तर ह्या शहाण्यानं पलूसच्या ज्ञानूचा हात वर केला. म्हणाला, मी पडलोय. इलाख्याच्या पथकातली जागा अशी घालवली. आठ वर्सं तुझ्या तालमीत घाम गाळला तो ह्यासाठी व्हय? गाव त्याला खुळा म्हणतंय. मी लय बोलले, तरी तोंड उघडंना. तू मामा हायेस आन् वस्तादबी. तिथं उभा राहून काय बघत व्हतास, ते लगोलग कळव.

रागावले तरी जीव तुझ्यावरच हाय, तेवढं ध्यानात ठेव.

मनुअक्का

सांगली,
ता. १५ फेब्रुवारी १९४६

ती. स्व. मनुअक्कास नाथाजीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. पत्र पोचलं. तीन दिवस लिहायला बसतो आन् उठतो.

अक्का, त्या दिवशी आखाड्यात पाणी मारलेलं, माती ओली व्हती. ज्ञानूनं ढाकेचा डाव लावला तवा सयाजीचे दोन्ही खांदे भुईला टेकले, म्हंजी त्यो पडलाच. त्याच दमात पोरानं उलटून ज्ञानूला चीत केलं. पंच पलीकडच्या अंगाला, त्यांना नंतरचं उलटणंच दिसलं. मला दोन्ही दिसलं. सयाजीच्या पाठीवर मातीचे थरच्या थर व्हते आन् पंच पाठ बघणार हे मला ठावं. मी धावलो. शाबासकी दिल्यागत करून ती माती पुसली.

सयाजीनं माझ्याकडं बघितलं. हळूच म्हणाला, मामा, हात काढा. मग पंचांकडं गेला.

पडलो तर पडलो म्हणीन, असं रोज पहाटे मारुतीपुढं मीच पोरांकडनं वदवून घेतो. माझं नुसतं तोंड बोलत व्हतं, त्यानं ते खरं धरलं. मला लाज वाटली, आन् खोटं कशाला सांगू, छातीबी भरून आली. असा गडी माझ्या हाताखाली तयार झाला.

माझं नाव वाचवायला त्यानं तुझी बोलणी खाल्ली. म्हणून हे पत्र चावडीवर वाचून दाखव. वस्तादकी मी सोडतोय.

दाजींना नमस्कार. हा भाऊ तुला नकोसा झाला नसंल तर दोन ओळी धाड.

नाथाजी

रहिमतपूर,
ता. १९ फेब्रुवारी १९४६

चि. नाथाजीस अ. उ. आशीर्वाद. वि. वि. पत्र ऐकून मी दुपारभर जेवले न्हाई. तुझा राग आला, लय आला. पर कुणी बोट दाखवलं नसताना सोताची चूक लिवून धाडायला काळीज लागतं.

तू म्हणालास म्हणून काल गुरुजींनी चावडीवर पत्र वाचलं. खुळा म्हणणाऱ्यांच्या माना खाली गेल्या. लालासाहेब उठून सयाजीपाशी गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आन् म्हणाला, मामानं असं करायला नको व्हतं. तवा सयाजी पैल्यांदा बोलला. समद्यांपुढं म्हणाला, मामा शाबासकीच देत व्हते, त्यांची समजूत चुकलीया.

नाथाजी, हरलो म्हणून खरं बोलला त्या दिवशी मी त्याला घालून पाडून बोलले. काल त्यो धडधडीत खोटं बोलला, आन् मी भर चावडीत त्याची दिष्ट काढली.

पुढच्या मंगळवारी पहाटे त्यो तालमीत येतोय. वस्ताद म्हणून तूच पायजेस म्हणतो. हजर ऱ्हा.

तुझीच,
मनुअक्का