सुमनच्या उरलेल्या गोळ्या

पांढुर्णा, १७ नोव्हेंबर, सोमवार

आज सुमनची तेरवी झाली. तिच्या साड्या बायकांना वाटल्या, तेव्हा लोधीखेड्याची मेहुणी रत्ना म्हणाली, "भाऊजी, कपाटातल्या कॅन्सरच्या गोळ्याही द्या. आमच्या सासऱ्यालेही फुफ्फुसाचाच हाय. एवढ्या महागाच्या, फेकून काय करता?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. तेरवीच्या दिवशी नाही कसं म्हणावं? तरी म्हणालो, "तिची गाठ तपासून तिच्यासाठीच दिल्या होत्या. त्यांची तपासणी करा, मग डॉक्टर देतील ती गोळी."

"अगदी ताईसारखे बोलून राहिले तुम्ही!" रत्ना चिडली.

मला तर बरंच वाटलं. याच गोळ्या सुरू असताना सुमननं याच रत्नाचा काढा परत केला होता. "डॉक्टरले विचारल्याबिगर नाही." एकदा गोळी उलटीत पडली, तरी तिनं मनानं दुसरी घेतली नाही. आधी दवाखान्यात फोन. आणि त्या गोळ्यांवर शेवटच्या हंगामातही संत्र्यांच्या तोडणीला उभी राहिली. माझी सुमन.

जाताना रत्ना म्हणाली, सासऱ्यांना तपासणीला नेते.

गोळ्या दवाखान्यात परत द्यायच्या म्हणून पिशवीत घातल्या. मग दोरीवरची चादर काढली आणि एक टोक हनुवटीखाली धरून एकट्यानंच घडी घातली.