मागच्या खोलीची खिडकी

४ मार्च
दिली! पालिकेच्या झोनिंग बोर्डाने, म्हणजे बांधकामाचे नियम बघणाऱ्यांनी, त्या शेजारच्या नासेरला सवलत दिली! नियमाने हद्दीपासून पाच फूट सोडायचे, आणि याला म्हणे एक फूट पुरे. आईला येमेनहून आणलंय, तिच्यासाठी खोली हवी. बांध की बाबा! पण माझ्या फ्लोरियनच्या खिडकीसमोर भिंत? अर्धांगाचा झटका आल्यापासून माझा नवरा त्या मागच्या खोलीत पडून आहे. उजेड यायला ती एकच खिडकी.
सभेत उभी राहून बोलले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "मिसेस गोर्स्की, वेळ संपली." बसले.

५ मार्च
कोर्टात अपील करता येतं. करणार म्हणजे करणार!

११ मार्च
वकील बर्निसबाईंनी सरळ सांगितलं — "न्यायाधीश तुमची खिडकी बघणार नाहीत. नियम पाळायला त्याच्या जागेला खरंच अडचण होती का, बोर्डाने ते नीट तपासलं का, एवढंच बघतात." मग मी काय करू? "नासेरने दिलेला नकाशा चुकीचा निघाला तर प्रकरण बोर्डाकडे परत जाईल. मोजणी करून घ्या."
चर्चबाहेर गल्लीतली लॉटी भेटली. ऐकून तोंडच वाकडं केलं. "अगं जिनी, शेजाऱ्याविरुद्ध कोणी कोर्ट-पालिका करतं का आपल्याकडे? इथे कोणाचं काय सरळ आहे!" मी म्हटलं, माझं आहे. मोठी आली शहाणी!

१२ मार्च
अपील दाखल. नासेर ओट्यावर उभा होता. मी बघितलंच नाही.

२ एप्रिल
मोजणीवाले आले. गुलाबी फितीच्या खुंट्या ठोकत सुटले. शेवटची खुंटी आमच्या मागच्या खोलीच्या भिंतीला जवळजवळ चिकटून! मी म्हटलं, चुकलात. तो माणूस म्हणाला, "मॅडम, हद्द इथेच आहे. तुमचीच खोली एक फुटावर आहे. परवाना आहे ना?"
कसला परवाना! फ्लोरियन आणि पोलादाच्या कारखान्यातले त्याचे दोस्त! लेबर डेच्या सुट्टीत बिअर आणि सॉसेजवर उभी केलेली खोली. गल्लीतल्या निम्म्या खोल्या अशाच. ज्याच्यावर मी बोंब मारतेय तेच आम्ही केलंय, तेही न विचारता. त्याने निदान विचारलं तरी!
घेतला मी माझ्याच पायावर धोंडा पाडून.

३ एप्रिल
बर्निसबाई — "मोजणीचा हा कागद कोर्टात गेला तर पालिका तुमच्या दारात. एकतर खोली पाडा, नाहीतर तुम्हीच सवलत मागा. अपील मागे घ्या."
नाही घेणार. घेतलं तर भिंत उभी राहील!

९ एप्रिल
कचऱ्याचे डबे बाहेर काढताना नासेर समोर आला. मीच तडकले — "बघितल्यास ना खुंट्या? जा, सांग पालिकेला!"
तो म्हणाला, "मला आधीपासून माहीत होतं, मिसेस गोर्स्की. माझ्या नकाशात तुमची खोली आहे. बोर्डाने विचारलं नाही, मी बोललो नाही."
"का?"
"तिथे माणूस झोपतो ना."
डबा तिथेच टाकून आत आले. इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि रागही! चांगला वागला म्हणून राग.

१३ एप्रिल
लढले तर खोली जाते, थांबले तर उजेड. इकडे आड, तिकडे विहीर. उद्या बर्निसबाईंना काय ते सांगायचंय.

१४ एप्रिल
फ्लोरियनला आज सगळं सांगितलं. रडले. तो हसला! शब्द हल्ली सावकाश येतात त्याचे — "पलंग... पुढच्या खोलीत घे. तुझा तो सोफा... हलव. रस्ता दिसेल. माणसं दिसतील. मागे काय दिसतं... गॅरेजचं दार!"
मग इतके दिवस बोलला का नाहीस रे?
"तू विचारलंस कधी?"