पिंचची किंकाळी

२ मार्च, सायंकाळी ६
आजपासून पिंच हार्मोनिक. पिकने, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या चकतीने, इलेक्ट्रिक गिटारची तार छेडायची आणि त्याच क्षणी अंगठ्याची कड तारेला निसटती लावायची. साधा सूर मरतो, किंकाळी निघते. क्लासचे रजत सर (वय चोवीस, मी पंचेचाळीस) म्हणाले, तीन महिने लागतील. मला सहा आठवडे पुरे. १४ एप्रिलला वस्तीतल्या जयंतीत माझी बायको प्रेमिला पहिल्यांदा स्टेजवर गाणार. गिटारवर मी. गाणं संपलं की माझी किंकाळी. तिला सांगितलेलं नाही. सरप्राइज.

५ मार्च
दोनशे वेळा मारलं. ठप्प. दोष अँपचा, गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या डब्याचा. आवाज वाढवला.

९ मार्च
सर म्हणाले, अंगठ्याची जागा शोधा, आवाज वाढवून काही होत नाही. आणि हेडफोन एवढ्या जोरात नको. घाबरट पिढी. शेजारच्या यमुताईंची कटकट नको म्हणून हेडफोनच बरा.

१५ मार्च
रोज तीन तास. आवाज फुल.

१९ मार्च
आला! बारीक, धारदार. गिटार खाली ठेवली तरी वाजत होता. सूर असा लांबत राहतो, याला म्हणतात सस्टेन.

२० मार्च, सकाळी ७
अजून वाजतोय. अँप बंद आहे. वायरही काढून पाहिली.

२६ मार्च
प्रेमिला म्हणाली, तीनदा आवाज दिला, काहून जी, ऐकू नाही येऊन राहिलं का? कलावंत तंद्रीत असतो, हे तिला समजावलं. तीच हल्ली पुटपुटते. स्टेजची भीती.

३१ मार्च
सक्करदऱ्याच्या तलावावर दोघं फिरायला गेलो. झाडावर पाखरं होती. चोची उघडत होती, मिटत होती. आवाज नव्हता. प्रेमिला म्हणाली, किती कलकलाट करून राहिले! मी हो म्हटलं. ऊन फार आहे यंदा.

४ एप्रिल
सरांना वाजवून दाखवलं. म्हणाले, काका, एकही पिंच लागला नाही. कान दाखवा, आजच्या आज. माझ्यावर जळतात. क्लास सोडला.

१० एप्रिल
डावा कान जड. मळ असेल. जयंती झाली की बघू.

१५ एप्रिल
काल वस्ती खचाखच भरली होती. प्रेमिलाने आईवर स्वतः लिहिलेलं गाणं म्हटलं. शेवटचं कडवं तिने फार हळू घेतलं होतं म्हणे, सगळे श्वास रोखून ऐकत होते म्हणे. मला फक्त ती १९ मार्चपासूनची शिट्टी ऐकू येत होती. तिने डोळे मिटले. मला वाटलं, गाणं संपलं. मारलं. ठप्प. पुन्हा मारलं. ठप्प. संयोजक चंपतरावांनी येऊन माझी वायर उपटली. प्रेमिला गाणं अर्धवट सोडून खाली उतरली. घरी येताना काही बोलली नाही. बोलली असेल तर माहीत नाही.

१८ एप्रिल
डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली. बारीक सूर गेले, डावीकडचे जवळजवळ सगळे. परत येणार नाहीत. शिट्टी कानातच आहे, ती बहुतेक राहील.
घरी आल्यावर प्रेमिलाला म्हटलं, ते शेवटचं कडवं एकदा म्हण. ती माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली. ओठ हलले. मी शेवटपर्यंत मान डोलावली. फार गोड म्हटलंस, म्हणालो.
ती म्हणाली, अजून सुरू कुठं केलं जी? पहिल्यापासून म्हणू का, ते विचारून राहिली होती.