खाऱ्या चिखलातली पंगत

रत्नागिरी,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. समीक्षा हिस विनूकाकाचे अनेक आशीर्वाद.

चार दिवस मी लोणच्याशिवाय जेवतो आहे, याची तुझ्या प्रयोगशाळेने नोंद घ्यावी. काचेच्या तीन बरण्या भरून पाठवा, असं तू फर्मावलंस. घरात तेवढ्याच होत्या. तुझ्या काकूने लोणचं स्टीलच्या डब्यात कोंबलं, त्याला आता डब्याची चव आली आहे.

दोन बरण्यांत आपल्या बागेखालच्या खाडीचा चिखल, तिसरीत तू तुलनेसाठी मागितलेली, बागेच्या दगडी कुंपणाची, गडग्यावरची माती. दिवाळीच्या उधाणात खाली डिझेल पसरलं. ट्रॉलरवाल्यांनी सांडलं, असं वाडीत म्हणतात. मीही मान डोलावतो. वाडीतल्या यमुनाबाई त्याच चिखलातून तिसऱ्या काढतात. त्या शिंपल्यांवर त्यांचं घर चालतं, आणि सध्या त्या टोपली उपडी घालून बसल्या आहेत. मी मात्र स्वस्थ नाही. धुण्याची पावडर टाकली, विहिरीचं पाणी डिझेलवरच्या पंपाने सोडतो आहे, बाजारातून तेलखाऊ जिवाणूंचं पाकीटही आणलं. चुकत असेल तर कळव. फोनवर तू ओरडतेस, म्हणून पत्र.

काकूचे आशीर्वाद, लोणच्याबद्दलचा राग वगळून.

विनूकाका

पणजी,
२१ नोव्हेंबर २०२४

ती. विनूकाका यांस सा. न. वि. वि.

सगळंच चुकतंय. पंप बंद करा, पावडर काकूला परत द्या. पाकिटातले जिवाणू गोड्या पाण्यातले, खाडीच्या मिठात तग धरणार नाहीत. कामाची मंडळी तुमच्या चिखलात आधीपासून आहेत, मिठातच वाढलेली. एरवी मूठभर, डिझेल आलं की वाढतात. मग पंगती बसतात. पहिली सोपं ते संपवते, तिचं उरलेलं दुसरी खाते, चिवट भाग शेवटच्या पंगतीला, सावकाश. एकट्यादुकट्याचं हे काम नाही. विहिरीचं पाणी सोडून तुम्ही त्यांनाच पानावरून उठवत होतात.

त्यांना हवा लागते आणि डिझेलमध्ये नसलेलं नत्र. ओहोटीला वरचा चार बोटं चिखल दाताळ्याने हलवा. खत सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय तेवढंच. माझा अहवाल येईपर्यंत तिथलं काही कुणी खायचं नाही.

आणखी एक. भरती पोचत नाही ती गडग्यावरची माती स्वच्छ निघेल, असं मला वाटलं होतं. सगळ्यात जास्त डिझेल तिच्यातच आहे. ट्रॉलर गडगा चढत नाहीत, काका. गडग्याजवळचा तुमच्या पंपाच्या डिझेलचा ड्रम एकदा पाहा.

रागावलात तरी लोभ कमी करू नये.

समीक्षा

रत्नागिरी,
९ मे २०२५

चि. समीक्षा हिस अनेक आशीर्वाद.

गेल्या महिन्यात पुन्हा पाठवलेल्या चिखलाचा अहवाल काल मिळाला. चिखल स्वच्छ, शिंपले खायला हरकत नाही, हे काकूला दोनदा वाचून दाखवलं.

ड्रमच्या बुडाला गंजून भोक पडलं होतं. खरं सांगायचं तर ते मी दिवाळीतच पाहिलं होतं. तुझ्या पत्रानंतर ड्रम भंगारात गेला. पण तोंड उघडलं नाही, दाताळं तेवढं उचललं. सहा महिने ओहोटीची वेळ बघून चिखल हलवला. यमुनाबाई बांधावर बसून माझ्या कंबरेची चौकशी करायच्या. खत न्यायला मी त्यांचीच टोपली मागून घेतली आणि डिझेलच्या चिखलात ठेवून तिची वाट लावली. शिमग्यापर्यंत वास गेला, बिळांबाहेर कुर्ल्या परत दिसू लागल्या.

काल अहवाल घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि ड्रमचं सांगितलं. त्यांनी सुपारी कातरता कातरता सांगितलं की, वास गडग्याकडून येतो हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी किती ओहोट्या चिखल हलवून मग बोलतो, तेवढंच त्यांना बघायचं होतं. वाडीतल्या ट्रॉलरवाल्यांनाही मीच जाऊन सांगावं, असं वर बजावलं. संध्याकाळी जेटीवर जाऊन तेही करून आलो.

बरण्या तुझ्याकडेच राहू दे.

इथलं सगळं बरं. चिखलातल्या मंडळींवरचा तुझा लोभ थोडा आमच्याकडेही वळव.

विनूकाका

ता. क. नवी टोपली विणून घेतली होती. आज पहाटे, ओहोटी लागायच्या आत, यमुनाबाईंच्या पडवीत ठेवून आलो. हाक मारली नाही.