शेवंतीतला कोळी

ती. वसुंधरामावशींना,

इकडे आखातातल्या सहमहून आपल्या भाचेजावयाचा, अजिंक्यचा, साष्टांग नमस्कार. आपले गुडघे आता कसे आहेत? (उत्तरा खाली खेळायला चला म्हणाली तर ऐकू नका.) माझी तब्येत ठीक. विचारणारं कोणी नाही, त्यामुळे तक्रारही नाही.

विद्या उत्तराला घेऊन उन्हाळ्यात आपल्याकडे आली ती परतलीच नाही. लोकांना आम्ही शाळेचं कारण सांगतो. खरं कारण माझा घुमेपणा, हे आपण जाणताच. घर खायला उठतं. जाताना तिने एकच काम सोपवलं : देवाला रोज ताजं फूल वाहायचं आणि उत्तराला फोनवर दर्शन घडवायचं.

आता देवाचं फूल हुंगायचं नाही, ही आपल्याकडची शिस्त. म्हणून मी कुंडीतली पिवळी शेवंती हातभर लांब धरूनच आणतो (नाकावर माझा भरवसा नाही). त्यामुळे तिच्यात बसलेला हळदीच्या रंगाचा, वाटाण्याएवढा कोळी मला दिसलाच नाही आणि मी तो थेट गणपतीला वाहिला. फोन चालू असतानाच स्वारी खेकड्यासारखी तिरकी चालत सोंडेवर आली. मी दचकलो, निरांजन कलंडलं, बाही तुपाने माखली आणि तिकडून उत्तरा म्हणाली, "बाबा, डोन्ट किल हिम. ही इज सो क्यूट."

मग त्याला परत कुंडीत सोडलं. हा कोळी जाळं विणत नाही. फुलाच्या रंगाचा होऊन, पुढचे पाय पसरून दबा धरतो आणि माशी आली की झडप घालतो. शेजारचे हुसैनमियाँ म्हणाले, "बैठे-बैठे खाता है, ये तो अर्बाब है." (अर्बाब म्हणजे इकडचा मालक, शेठ.) नुसतं बसून मला काय मिळालं, ते आपण बघताच आहात.

पण तेव्हापासून उत्तरा रोज त्याची चौकशी करते. माशी मिळाली का, झोपला का, वगैरे. मीही बोलतो, चक्क वाक्यंच्या वाक्यं. विद्या मागे भाजी निवडत असते. ऐकत असावी; समोर मात्र येत नाही.

आपला,
अजिंक्य

ता.क. : कोळी गेल्या आठवड्यातच नाहीसा झाला. वाऱ्याने उडाला की मेला, कोण जाणे. मी रिकामी शेवंती फोनपुढे धरून "बघ कसा लपलाय" म्हणतो. उत्तराला सांगू नका.

आणखी एक : काल विद्या पहिल्यांदाच फोनसमोर आली. तांदळातला खडा लांबून ओळखणारी बाई. मी घाबरतच फूल धरलं. तिने बराच वेळ पाहिलं आणि उत्तराला म्हणाली, "अगं, हा काय, देठापाशी बसलाय." मावशी, तिथे काहीही नव्हतं. ती परत येईल का, एवढं तिला विचाराल? मला धीर होत नाही.